शिमग्याच्या उत्सवात कुळाच्या नोंदींचे दालन: पहिल्यांदा मांडणाऱ्यांसाठी मार्गदर्शक

कोकणातल्या गावात एकाच भावकीतील मुंबईचे, पुण्याचे, सुरतेचे आणि गावी राहिलेले लोक वर्षातून एकदा हमखास एकत्र येतात, ते शिमग्याला. ग्रामदेवतेची पालखी दारात येणार असते, त्या दिवशी कुलूपबंद घरेही उघडतात आणि ज्या म्हाताऱ्या माणसांना एरवी भेटायला वेळ काढावा लागतो ती सहाणेजवळच्या, म्हणजे पालखी बसते त्या जागेजवळच्या, मांडवात निवांत बसलेली असतात. आपल्या घराण्याची माहिती देण्याघेण्यासाठी याहून चांगली वेळ नाही. रत्नागिरी जिल्ह्यातील आमच्या गावात आम्ही काही जण दर शिमग्याला कुळाच्या नोंदींचे छोटे दालन मांडतो. असे दालन आपल्याकडेही असावे असे वाटणाऱ्या, पण सुरुवात कोठून करावी हे न कळणाऱ्या मंडळींसाठी ही पद्धत सविस्तर लिहीत आहे. गणेशोत्सवात, देवीच्या जत्रेत किंवा शहरातील ग्रामस्थ मंडळाच्या वार्षिक मेळाव्यातही ती थोड्या फरकाने चालेल.

एक गोष्ट आरंभीच स्पष्ट असू द्यावी. या दालनात कोणाचीही वंशावळ पूर्ण करून दिली जात नाही. येणाऱ्या प्रत्येकाला त्याच्या घराण्यासाठी पुढचा कागद कोणता आणि तो कोठे मागायचा हे सांगणे, तसेच वडीलधाऱ्यांना जे आठवते पण कोणत्याही दप्तरात नाही ते त्यांच्या हयातीत लिहून घेणे, ही दोनच कामे आहेत. यापलीकडचे काम अंगावर घेतले की दालनाचे रूपांतर वादाच्या ठिकाणात होते.

१. आधी परवानगी, तीही लेखी

देवस्थान समिती, गावकर व मानकरी आणि मुंबईचे ग्रामस्थ मंडळ या तिघांनाही किमान दोन महिने आधी पत्र द्यावे. पत्रात दालनाची जागा, वेळ, तेथे काय मांडले जाईल आणि काय मांडले जाणार नाही, हे लिहावे. शेवटचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा आहे. शिमग्यात पालखीला पहिला खांदा कोणाचा, नारळ कोणाच्या हातचा, पालखी कोणत्या वाडीत आधी जायची, हे सारे मानपानाचे प्रश्न असतात आणि जुना कागद दिसला की प्रत्येकजण त्यात आपला मान शोधू लागतो. म्हणून ‘या दालनातील कोणताही कागद मान, हक्क किंवा जमिनीची हिस्सेवाटणी ठरवण्यासाठी वापरता येणार नाही’ असे वाक्य पत्रात घालावे आणि तेच वाक्य मोठ्या अक्षरांत दालनाच्या दर्शनी भागी लावावे. त्यामुळे पुढची पुष्कळ डोकेदुखी टळते.

२. साधने गोळा करणे

हे काम मार्गशीर्षात सुरू केले तर फाल्गुनापर्यंत हाताशी पुरेसे साहित्य येते. कोणत्या कागदातून काय मिळते हे आधी स्वतः नीट समजून घ्या, म्हणजे येणाऱ्यांना समजावता येते.

जमिनीच्या नोंदी हा सर्वांत भक्कम आधार. सातबारा उताऱ्यावर आज असलेल्या नावांपेक्षा त्यावर वर्तुळात किंवा कंसात लिहिलेले फेरफार क्रमांक, म्हणजे नावात झालेल्या बदलांच्या नोंदींचे क्रमांक, अधिक मोलाचे असतात, कारण त्यांवरून गाव नमुना ६ या फेरफारांच्या नोंदवहीतील जुनी नोंद काढता येते. तेथे अमुक खातेदार मयत, त्याचे वारस अमुक अमुक, असे एका वाक्यात दोन पिढ्यांचे नाते लिहिलेले असते. वारसांच्या प्रकरणांसाठी गाव नमुना ६क ही वेगळी नोंदवही असते, तीही विचारावी. नवख्या माणसाला जुन्या उताऱ्यातील संक्षेप कळत नाहीत. ‘ए. कु. मॅ.’ म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर आणि ‘अ. पा. क.’ म्हणजे अज्ञान, म्हणजे अल्पवयीन, मुलाचा पालनकर्ता. एखाद्या उताऱ्यावर दोन मुलांच्या नावापुढे ‘अ. पा. क. आई’ असे लिहून आईचे नाव दिलेले दिसले, तर वडील मुलांच्या लहानपणीच वारले असावेत हे लगेच ध्यानात येते आणि मृत्यूची नोंद कोणत्या काळात शोधायची याचाही अंदाज बांधता येतो. इतर हक्काचा रकाना कधीही वगळू नका. बहिणींची नावे पुष्कळदा तेथेच असतात.

जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदी गाव नमुना १४ मध्ये, म्हणजे ज्याला लोक कोतवाल बुक म्हणतात त्यात, सापडतात. ही पुस्तके बहुतेक तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात असतात. येणाऱ्याला हे आधीच सांगून ठेवा की जन्माच्या नोंदीत बाळाचे नाव नसणे ही नेहमीची गोष्ट आहे. बापाचे नाव आणि ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ एवढेच असते. आजोबांचे नाव सापडले नाही म्हणून हताश होऊन परतणारे लोक पुष्कळ असतात. त्यांनी खरे तर पणजोबांचे नाव शोधायला हवे होते.

शाळेचे जनरल रजिस्टर हे तिसरे साधन. मराठी शाळेला शंभरी उलटून गेली असेल तर तेथील प्रवेशाच्या नोंदीत मुलाचे नाव, वडिलांचे किंवा पालकाचे नाव, जन्मतारीख आणि शाळा सोडल्याचे कारण सापडते. ‘मुंबईस गेला’ असे कारण लिहिलेले असेल, तर घराणे गाव सोडून गिरणीकडे कधी वळले याचा तो लेखी पुरावा ठरतो. शाळेचे मूळ रजिस्टर दालनात आणण्याचा आग्रह धरू नका. मुख्याध्यापकांच्या परवानगीने, त्यांच्या समोर, हवी तेवढीच पाने टिपून घ्यावीत.

गिरणगावातील गावकीच्या खोल्यांची पुस्तके फारशी कोणाच्या लक्षात येत नाहीत. लालबाग-परळ परिसरात गावोगावच्या मंडळांच्या सामाईक खोल्या होत्या. तेथे राहणाऱ्यांची नावे, वाडी, महिन्याची वर्गणी आणि गावी पाठवलेल्या देणग्या वहीत नियमाने लिहिल्या जात. अशा वहीतून कोण कोणाच्या ओळखीने मुंबईत आला हे जितके कळते तितके कोणत्याही सरकारी कागदातून कळत नाही. मंडळाच्या जुन्या चिटणीसांच्या घरी माळ्यावरच्या पेटीत या वह्या पडलेल्या असतात. त्या मागायला स्वतः जा, निरोप पाठवून काम होत नाही.

देवस्थानाच्या जमाखर्चाच्या वह्या, ‘सन १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात या गावातून इतके पुरुष गेले’ अशा मजकुराची गावातील दगडी पाटी आणि छापील कुळवृत्तांत, म्हणजे घराण्याच्या इतिहासाचा ग्रंथ, हेही मांडावे. पाटीवर नुसता आकडा असतो. नावे हवी असतील तर राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या संकेतस्थळावर शोध घ्यावा, कारण तेथील भारतीय सैनिकांच्या कित्येक नोंदींत वडिलांचे नाव आणि गावही दिलेले आहे. गावाच्या सर्वसाधारण माहितीसाठी मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा रत्नागिरी आणि सावंतवाडीवरील १८८० सालचा दहावा खंड पाहावा. त्यात घराण्यांची नावे मिळणार नाहीत, पण त्या काळचे बंदर, रस्ते, पिके आणि बाजार समजतात.

कुळवृत्तांताबद्दल सावधगिरीचा एक शब्द. असे ग्रंथ मोठ्या कष्टाने तयार झालेले आहेत आणि अलीकडच्या चार-पाच पिढ्यांसाठी ते बहुधा विश्वसनीय असतात. मात्र त्याआधीच्या पिढ्यांना जेथे कागदाचा आधार दिलेला नाही तेथे पेन्सिलीने खूण करून ठेवावी. आडनाव एक म्हणून कूळ एक, हेही गृहीत धरू नये. पाटील, देशमुख, कुलकर्णी, जोशी ही कामावरून पडलेली नावे असून एकमेकांशी काडीचाही संबंध नसलेल्या घराण्यांत ती आढळतात. ‘कर’ लागलेली आडनावे तर बहुधा गाव सोडल्यानंतर चिकटलेली असतात. त्यामुळे त्या गावात जाऊन त्याच आडनावाची माणसे शोधण्याऐवजी तेथून बाहेर पडलेली घराणी कोणती, असे विचारावे.

३. मोडी आणि जुनी कालगणना

गावात एखाद्या घरी तरी मोडीतले कागद निघतातच. मोडी वाचणारा माणूस दालनात उपलब्ध असेल तर उत्तम, पण ‘येथे मोडी वाचून मिळेल’ अशी पाटी लावू नका. शिकस्त, म्हणजे घाईने घसटत लिहिलेल्या, हातातला एक कागद वाचायला अनुभवी वाचकालाही कधी कधी अख्खी सकाळ लागते आणि मागे रांग उभी असते. त्याऐवजी कागदाचा स्वच्छ फोटो घ्या, मालकाचे नाव व संपर्क लिहून ठेवा आणि वाचनासाठी मुदत मागा. ज्यांना स्वतः शिकायचे आहे त्यांना राज्याच्या पुराभिलेख संचालनालयातर्फे होणाऱ्या मोडी प्रशिक्षण वर्गांची माहिती द्या. पेशवेकाळातील कागदांसाठी पुण्याचे पुराभिलेखागार म्हणजे पेशवे दफ्तर आणि १९१० साली स्थापन झालेले भारत इतिहास संशोधक मंडळ, ही दोन ठिकाणे सांगावीत. पण ‘पेशवे दफ्तरात आमचे नाव असेलच’ या समजुतीने कोणी थेट पुणे गाठणार असेल तर त्याला थांबवावे. आधी तालुक्याचे दप्तर पुरते पाहून, मग तिकडे जावे.

सनांचा एक तक्ता मोठ्या कागदावर लिहून लावा. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो आणि वर्षाच्या शेवटच्या महिन्यांसाठी ७९ मिळवावे लागतात. जुन्या मोडी कागदांत येणाऱ्या शुहूर सनात ५९९ किंवा ६०० आणि दख्खनी फसली या महसुली सनात ५९० किंवा ५९१ मिळवावेत. शुहूर आणि दख्खनी फसली ही दोन्ही वर्षे मृगाच्या सुमारास, म्हणजे जूनच्या आरंभी बदलतात, म्हणून एका वर्षाचा फरक पडतो.

याच तक्त्याशेजारी आठवणींचा काळ ठरवण्यासाठी घटनांची यादी लावावी. वडीलधारी माणसे सन सांगत नाहीत, ‘बोट बुडाली त्या वर्षी’ असे सांगतात. १९१८ ची मानमोडीची (इन्फ्लुएन्झाची) साथ, १७ जुलै १९४७ रोजी बुडालेली रामदास बोट, ३० जानेवारी १९४८ ची गांधीहत्या, ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप आणि १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेला गिरणी संप, एवढ्या खुणा कोकणात बहुतेक आठवणींना पुरतात. भूकंपाच्या वेळी थोरली लेक पाळण्यात होती की शाळेत जात होती, एवढे विचारले तरी तिचे जन्मवर्ष दोन-तीन वर्षांच्या फरकाने हाती लागते.

४. लागणारे सामान

मोबाइल आडवा धरून ठेवणारा स्टँड, शक्य असल्यास सपाट काचेचा स्कॅनर, वीज गेली तरी चालणारा बॅटरीचा दिवा, एक्स्टेन्शन बोर्ड, भिंग, मऊ कुंचला, भरपूर पेन्सिली, कोरे फॉर्म, पावतीपुस्तक, जाड पुठ्ठ्याच्या फायली, झाकणाची पत्र्याची पेटी आणि तीन-चार स्वच्छ सुती पंचे. जुन्या कागदांजवळ शाईचे पेन आणू देऊ नये. कागदांसाठी ३०० आणि लहान फोटोंसाठी ६०० डीपीआय ठेवावा. प्रत्येक फाइलला वाडी, घराणे, कागदाचा प्रकार आणि साल याच क्रमाने नाव द्यावे. नंतर नावे देऊ असे म्हटले की ती कधीच दिली जात नाहीत.

जुने कागद लॅमिनेट करणे आणि फाटलेल्या ठिकाणी सेलोटेप लावणे, या दोन गोष्टी लोक अतिशय चांगल्या हेतूने करतात आणि कागदाचे कायमचे नुकसान होते. कोणी असा कागद आणला तर चिकटपट्टी ओढून काढायला जाऊ नका. आहे त्या स्थितीत फोटो घ्या आणि कागद दोन पुठ्ठ्यांमध्ये ठेवून परत द्या.

५. जागा आणि मांडणी

सहाणेपासून हाकेच्या अंतरावर, पण पालखीच्या वाटेवर नाही, अशी पडवी किंवा शाळेची खोली निवडावी. पालखी नाचत आली की गुलाल उधळतो, नारळ फुटतात, ढोलांच्या दणक्याने टेबलही हलते. गुलाल एकदा कागदात शिरला की निघत नाही. त्यासाठी एक नियम कटाक्षाने पाळा. मांडणीत फक्त प्रती असाव्यात, आणि लोकांनी आणलेले मूळ कागद पालखी वाडीत शिरल्याचा ढोल ऐकू येताच पेटीत बंद व्हावेत. त्या वेळी दालन बंद ठेवायलाही हरकत नाही, कारण सर्वांनी पालखीलाच असले पाहिजे.

टेबले तीन असावीत. पहिल्यावर पाहण्याच्या प्रती, दुसऱ्यावर फोटो घेण्याची सोय, तिसऱ्यावर बसून बोलण्याची जागा. तिसऱ्या टेबलाला पाठ टेकता येईल अशा खुर्च्या आणि पाणी ठेवा. भिंतीवर वाडीवार मोठे कोरे कागद लावून त्यावर घराण्यांची नावे लिहावीत. लोक त्यासमोर उभे राहून आपसात बोलू लागतात आणि त्या बोलण्यात जे निघते ते विचारून निघत नाही. त्यासाठी एका तरुण मुलाला वही देऊन तेथेच उभे करावे.

६. फॉर्म आणि बोलणे

फॉर्म एका पानाचाच असावा. त्यात एवढे रकाने पुरेत: सांगणाऱ्याचे नाव व वाडी, वडील, आजोबा आणि पणजोबा यांची नावे, आई, आजी आणि पणजीचे सासरचे नाव, माहेरचे नाव व माहेरचे गाव, कुलदैवत व मूळ गाव, गाव सोडल्याचा सुमार, घरी असलेले जुने कागद, आणि ही माहिती कोणाकडून ऐकली. शेवटचा रकाना रिकामा राहू देऊ नका. ‘मोठ्या काकूंनी सांगितले’ आणि ‘फेरफारात पाहिले’ यांतला फरक दहा वर्षांनी वही उघडणाऱ्याला कळला पाहिजे. दोन भावांनी दोन वेगळी नावे सांगितली तर दोन्ही लिहा आणि कोणाचे खरे हे ठरवू नका.

वृद्धांशी बोलताना फॉर्म समोर धरून एकामागून एक प्रश्न विचारू नयेत. जुना फोटो किंवा वाडीचा नकाशा समोर ठेवून ‘आजी, या घरात कोण राहायचे?’ असे विचारावे. ध्वनिमुद्रण करायचे असल्यास आधी परवानगी घ्यावी आणि ती परवानगीही ध्वनिमुद्रणातच बोलून घ्यावी.

७. लेकी-सुनांची नावे

या मुद्द्यावर मी आग्रही आहे. आपल्याकडच्या बहुतेक वंशावळी बाप आणि मुलगा अशाच उतरतात. लेक लग्न होऊन गेली की तिची रेघ तुटते आणि सून आली तरी तिचे माहेर लिहिले जात नाही. त्यात पुष्कळ घराण्यांत लग्नात मुलीचे नावही बदलत असे. शाळेच्या रजिस्टरात एक नाव, सासरच्या फेरफारात दुसरे, आणि दोन्ही एकाच बाईची आहेत हे सांगणारे माणूस घरात एखादेच उरलेले असते. शिमग्याला माहेरवाशिणी ओटी भरायला येतात. त्यांना मुद्दाम बोलावून बसवा. आमच्या दालनात एका वृद्ध बाईंसमोर त्यांच्या सासरच्या फेरफाराची प्रत वाचून दाखवली तेव्हा ‘विधवा’ एवढाच उल्लेख असलेल्या वारसदारणीचे माहेरचे नाव, तिचे गाव आणि तिच्या दोन बहिणी कोठे दिल्या होत्या, हे सर्व त्यांनी एका दमात सांगितले. तेवढ्यावरून शेजारच्या तालुक्यातल्या एका घराण्याशी तुटलेला धागा जुळला. बाईमाणसांशी बोलायला दालनात बाईच असावी. पुरुष भोवती उभे राहिले की बोलणे आखडते.

८. काय मांडू नये

हयात माणसांच्या जन्मतारखा, आधार क्रमांक, पत्ते आणि मोबाइल क्रमांक भिंतीवर कधीही लावू नयेत. दत्तकविधान, दुसरे लग्न, काडीमोड, तुरुंगवास किंवा आजारपण यांच्या नोंदी सापडल्या तर त्या फक्त त्या घरच्या माणसाला, बाजूला घेऊन, आणि त्याने विचारले तरच दाखवाव्यात. जुन्या शाळेच्या व कोतवाल बुकाच्या नोंदींत जातीचा रकाना असतो. मांडायच्या प्रतीवर तो झाकून घ्यावा.

याला जोडून एक नेहमीचा प्रसंग सांगतो. जातीच्या दाखल्यासाठी किंवा पडताळणीसाठी जुनी नोंद हवी म्हणून पुष्कळ लोक दालनात येतात. त्यांची निकड खरी असते, त्यांना टाळू नका. पण आपल्याकडची छायाप्रत कोणत्याही कार्यालयात पुरावा म्हणून चालणार नाही हे स्पष्ट सांगा आणि कोणत्या दप्तराची प्रमाणित नक्कल कोठे मागायची एवढे चिठ्ठीवर लिहून द्या. नोंदीचा अर्थ लावून ‘तुम्हाला दाखला मिळेल’ किंवा ‘मिळणार नाही’ असे कोणीही बोलू नये.

लांबून येणाऱ्यांसाठीही एक चिठ्ठी तयार ठेवा. मॉरिशसला गेलेल्या गिरमिटियांत, म्हणजे करारावर नेलेल्या मजुरांत, रत्नागिरी आणि सावंतवाडीकडचे लोक होते. त्यांचे वंशज गाव शोधत येतात तेव्हा त्यांच्याकडील नोंदी मोका येथील महात्मा गांधी संस्थेत असल्याचे बहुधा त्यांना माहीत असते, पण त्या नोंदीतील गावाचे नाव परदेशी कानाने ऐकून लिहिलेले असल्याने ते ओळखायला आपली मदत लागते. रायगड जिल्ह्यातील मंडळींकडे पेणकर, किहीमकर, नागावकर अशा आडनावांची बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या ज्यू, समाजाची कुटुंबेही इस्रायलहून येऊ शकतात. अशा पाहुण्यांसाठी आसपासच्या गावांची व वाड्यांची जुनी-नवी नावे एका यादीत असावीत.

९. उत्सव झाल्यावर

मूळ कागद त्याच दिवशी, पावतीवर सही घेऊन परत करा. ‘राहू द्या, नंतर नेतो’ असे कोणी म्हटले तरी ठेवून घेऊ नका. हरवलेल्या कागदाचा बोभाटा गावभर होतो आणि पुढच्या वर्षी कोणी पेटी उघडत नाही. पंधरा दिवसांच्या आत फॉर्म वाडीवार लावून घ्या, फोटोंची नावे तपासा आणि सर्व साठ्याच्या तीन प्रती करा: एक गावातील वाचनालयात किंवा ग्रामपंचायतीत, एक मुंबईच्या मंडळाकडे, एक तुमच्याकडे. हयात माणसांची माहिती ज्यात आहे तो भाग वाचनालयाच्या प्रतीतून वगळावा.

ज्यांना वाचनासाठी मुदत मागितली होती त्यांना उत्तर द्या. वाचन झाले नसेल तरी तसे कळवा. फॉर्म भरलेल्या प्रत्येक घराला त्याच्या फॉर्मची प्रत पाठवून दुरुस्त्या मागवा आणि त्यासाठी गणपतीपर्यंतची मुदत द्या, कारण चाकरमानी तेव्हा पुन्हा गावी येतात आणि शिमग्याला न आलेला एखादा चुलता त्या वेळी भेटतो. दुरुस्ती आली की जुनी नोंद खोडू नका. तिच्याखाली नवी लिहून तारीख आणि सांगणाऱ्याचे नाव घाला.